आजाऱ्याचे कर्तव्य आणि इतरांचे

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना २०१८ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गाठले. मुंबई, न्यूयॉर्क आणि दिल्ली येथे उपचार घेत असताही ते पदावर राहिले. ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्च रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. कित्येकांनी यास कर्मयोग म्हटले. तर राज्याचा कारभार रुग्णशय्येवरून चालावा काय, असे कित्येकांनी विचारले.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. ज्याचे शरीर पराधीन झाले, त्यास आपण अजून कोणाच्या तरी उपयोगी आहो ही जाणीव मोठे बळ देते. परंतु पद हा विश्वस्तपणा होय. त्याचा निवाडा केवळ पदस्थाच्या धैर्यावरून करता येत नाही.

तथापि एक गोष्ट दोन्ही पक्ष विसरतात. पर्रीकरांना पद सोडण्याची मोकळीक होती. मराठवाड्याकडून येऊन आमच्या काचीगुडा स्थानकावर उतरणाऱ्या आणि उपचारासाठी शहरातील एम. एन. जे. कर्करोग रुग्णालयाची वाट धरणाऱ्या मजुरास ती नसते. रोज बुडाला तर चूल पेटणार नाही, म्हणून तो कामावर जातो. १८७२ चा करार कायदा जबरदस्तीने मिळविलेली संमती मुक्त मानीत नाही. दारिद्र्याची जबरदस्ती त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. नीतीच्या व्याख्येत मात्र ती बसलीच पाहिजे. अशा मनुष्यास कर्मयोगी म्हणून गौरविणे ही त्याची थट्टाच होय.

तेव्हा आजाऱ्याने काम करावे की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. ते ठरविण्याची मोकळीक त्यास मिळवून देणे हे इतरांचे कर्तव्य आहे. १९४८ च्या कायद्याने उभारलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत कर्करोग्यास पात्रतेनुसार दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के भत्ता मिळू शकतो. परंतु घरकाम करणारी बाई वा रोजंदारीचा मजूर बहुधा त्या छत्राबाहेरच राहतो.

आपल्या देवस्थानांतही स्वयंपाकी, वाजंत्री, झाडलोट करणारे असतात. केमोथेरपीचा फेरा बहुधा दोन-तीन आठवड्यांचा असतो. मधल्या काही दिवसांत पांढऱ्या पेशी घटतात आणि गर्दी टाळावी लागते. किरणोपचारास बहुधा आठवड्यातून पाच दिवस जावे लागते. म्हणजे अशक्ततेचे दिवस पुष्कळदा आधी ठाऊक असतात. त्या दिवशी बदली माणूस नेमणे, इतर दिवशी बैठे काम देणे आणि वेतन न कापणे, एवढे विश्वस्तांच्या एका ठरावाने होण्यासारखे आहे. असा ठराव करणे हीही देवाचीच सेवा होय.