संक्षेप आणि न्याय

मोठी गोष्ट लहान करून सांगणें ही ज्ञानाची गरजच आहे. नकाशा हा भूमीचा संक्षेप, तसें कोष्टक हा माणसांचा. तेव्हां संक्षेप करावा कीं करूं नये, हा वाद व्यर्थ होय. तो करतांना काय गाळलें आणि कोणाच्या हिताकरितां गाळलें, हा मात्र नीतीचा प्रश्न आहे. तो आम्ही येथें एका क्षुल्लक दिसणाऱ्या उदाहरणावरून तपासूं इच्छितों. रुग्णांच्या किंवा कर्जदारांच्या याद्यांचा संगणकावर अभ्यास करणारे लोक पुष्कळदां पत्त्यांतील पिनकोडाचे पहिले तीन अंक ठेवून उरलेले गाळतात. एका ओळीच्या आज्ञेनें लक्षावधि पत्ते क्षणांत आखूड होतात. यांत अन्याय तो कोणता, असें वाचक विचारतील.

प्रथम कापणाऱ्याची बाजू ऐकली पाहिजे. १९९७ च्या सुमारास अमेरिकेंत लटान्या स्वीनी या विदुषीनें, नांवें गाळून दिलेल्या रुग्णांच्या यादींतून मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांची नोंद शोधून काढली. त्यांच्या गांवची मतदारयादी मिळवून जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा अंक हीं तीन तिनें जुळविलीं, इतकेंच. पुढें २००० सालीं तिनें असा हिशेब मांडला कीं, या तीन गोष्टींवरून त्या देशांतील शेंकडा ८७ माणसें एकेकटीं ओळखतां येण्याजोगीं आहेत. माणसाचें दुखणें त्याच्या इच्छेवांचून चव्हाट्यावर येऊं नये, हें कोणीहि मान्य करील. तेथील आरोग्यविषयक नियमानें टपालाच्या अंकाचे पहिले तीनच अंक ठेवण्याची मुभा दिली; आणि तीहि त्या तीन अंकांच्या प्रदेशांत वीस हजारांहून अधिक वस्ती असेल तर. एरव्हीं तेथें तीन शून्यें मांडावयाचीं. म्हणजे हा नियम आधीं माणसें मोजतो आणि मग अंक कापतो. अनुकरण करणारे कापणें तेवढें उचलतात व मोजणें विसरतात.

आतां हीच कात्री मुंबईंत चालवून पाहूं. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे सरकारी अधिकारी असून संस्कृतचे कविहि होते. त्यांच्या योजनेंत पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल निवडण्याच्या जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन वांटपाच्या कचेरीचे. मुंबईचें वैशिष्ट्य असें कीं, येथें हे शेवटचे अंक आधींपासूनच लोकांच्या तोंडीं होते. जुन्या मराठी पुस्तकांवर ‘मुंबई ४’ असें छापलेलें पाहिलें कीं वाचकास गिरगांव दिसे. त्याचेंच पुढें ४००००४ झालें. परळचें १२ व दादरचें १४ यांचीहि तीच कथा. म्हणजे मुंबईकराची खरी खूण अंकाच्या शेवटीं आहे, आणि संगणक कापतो तो नेमका शेवट! उरतात ते ४०० हे तीन अंक. त्यांत मुंबईच नव्हे, तर ठाणें व वाशीहि येतात. एकट्या बृहन्मुंबईची वस्ती २०११ च्या शिरगणतींत १ कोटि २४ लक्षांवर होती. लालबागच्या चाळींतील क्षयरोगी आणि मलबार हिलवरील धनिक येथें एकाच ओळींत बसतात, आणि त्यांची सरासरी दोघांपैकीं कोणाचीच नसते.

मग पांच अंक ठेवावे काय? तसें केल्यास ४००००४ चें गिरगांव मलबार हिलच्या ४००००६ शीं जोडलें जातें, आणि ४०००१७ ची धारावी ४०००१८ च्या वरळीशीं. दादरची गत तर याहून विचित्र. रुळांच्या पूर्वेचें दादर ४०००१४ म्हणून माझगांव-शिवडीच्या पंगतींत जातें, आणि पश्चिमेचें ४०००२८ म्हणून चर्चगेट व नरिमन पॉइंट यांच्या. एका पुलानें जोडलेले शेजारी परके होतात, आणि कोसांवरचे परके शेजारी ठरतात. याचें कारण उघड आहे. पिनकोड ही संख्या नव्हे. तें अंकांच्या वेषांतलें नांव आहे. नांवाचा पूर्वार्ध ठेवल्यानें जर नातें कळत असतें, तर गिरगांव, गिरनार आणि गिरसप्पा हीं एकाच तालुक्यांतलीं गांवें ठरतीं!

असें मिसळल्यानें काय हानि होते, तें २०२० च्या साथींत दिसलें असतें. धारावींत पहिला रुग्ण १ एप्रिलला आढळला. त्यानंतर महापालिका एकाच जी-उत्तर विभागांतील धारावी, दादर व माहीम यांचे आंकडे निरनिराळे प्रसिद्ध करूं लागली. त्यामुळें धारावीची आपत्ति दिसली, आणि ती ओसरली तेंहि दिसलें. परंतु त्याच वेगळेपणामुळें धारावीचा पत्ता सांगणाऱ्यास संशयानें पाहिलें जाऊं लागलें, हीहि गोष्ट खरी आहे. दिसल्याशिवाय मदत येत नाहीं, आणि दिसल्यानें कलंक लागतो. हा पेंच कोणत्याहि आज्ञावलीनें सुटणारा नाहीं.

शिवाय पुरा पिनकोड म्हणजे पूर्ण सत्य, असेंहि नव्हे. ४०००१२ या एका अंकांत केईएम रुग्णालय आहे, १९८२ च्या संपानें उद्ध्वस्त झालेल्या गिरणगांवांतील चाळी आहेत, आणि नव्या काळांत उठलेले उंच मनोरेहि आहेत.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, गुप्ततेसाठीं अंक गाळावे, पण आंधळेपणानें नव्हे. आधीं प्रत्येक अंकामागें किती माणसें आहेत तें मोजावें. थोडीं असतील तेथें खऱ्या शेजाऱ्याशीं जोडावें. आणि तो शेजारी अंकांच्या क्रमानें न ठरवितां वस्ती जाणणाऱ्यास विचारून ठरवावा. काय जोडलें व काय गाळलें, तें कोष्टकाखालीं स्पष्ट लिहावें. रुग्णाला लपविणें हें कर्तव्य आहे. परंतु त्याच्या आडून रोगाचें ठिकाण लपलें, तर ज्याचें रक्षण करावयाचें त्याचाच घात होतो. पत्ता कापणाऱ्यानें निदान एवढें तरी स्मरावें कीं, त्या अंकाच्या शेवटीं कोणाचें तरी दार आहे.