पाणी ओसरल्यानंतरची सेवा

ऑगस्ट २०१९ आठवून पाहा. कृष्णा आणि पंचगंगेने सांगली-कोल्हापूरला वेढा घातला होता. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. शिरोळ तालुक्यातील गावे बेटांसारखी एकाकी झाली. आणि त्याच दिवसांत गावोगावहून मदत निघाली. कुणी भाकऱ्या बांधून दिल्या, कुणी चादरी, कुणी जनावरांसाठी चारा. माणसाच्या अंतःकरणात करुणा आहे, याचे दर्शन अशा वेळी घडते.

मग पाणी उतरले. बातम्या दुसऱ्या विषयाकडे वळल्या, मदतीचे ट्रक परत गेले. घरात गुडघाभर चिखल, भिजून फुगलेली धान्याची पोती, कुबट वास आणि दारात सुन्न उभा असलेला घरधनी. खरे तर साधकाची गरज त्याला आता आहे. तेव्हा आज स्वतःला एक प्रश्न विचारूया: दुसऱ्या दिवशी धावत जाणारे आपण दहाव्या दिवशी कुठे असतो?

भावनेची लाट आणि साधनेचा प्रवाह

दुःख पाहून डोळे भरून येणे स्वाभाविक आहे. पण भावना लाटेसारखी असते. येते आणि ओसरते. साधना त्या भावनेला प्रवाहाचे सातत्य देते. रोज ठरलेल्या वेळी आसनावर बसणारा माणूस एक गोष्ट शिकतो. मन लागो वा न लागो, बसायचे. सेवेलाही हाच नियम लावावा. कौतुक होवो वा न होवो, फोटो निघो वा न निघो, ठरलेल्या दिवशी जायचे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाचा विचार आहे. समाज एकत्र राहावा, सावरला जावा यासाठी जाणत्याने फळाची आसक्ती सोडून कर्म करत राहावे, असा त्याचा आशय. आपत्तीनंतर समाज सावरण्याची पहिली पायरी म्हणजे त्याचे आरोग्य. पुरातून वाचलेला माणूस पंधरा दिवसांनी दूषित पाण्याने आजारी पडला, तर आपली सेवा अर्ध्या वाटेवरच थांबली असे म्हणावे लागेल.

हातात झाडू घेणारी भक्ती

गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू घेत. दिवसभर गाव झाडून झाले की रात्री कीर्तन. पूर ओसरलेल्या गावात हाच क्रम ठेवावा लागतो. तिथे आधी स्वच्छता, मग उपदेश.

पहिले लक्ष पाण्याकडे. विहिरीत, टाकीत, जलवाहिनीत पुराचे पाणी शिरलेले असते. गावातल्या जलसुरक्षकाला आणि आरोग्य सेवकाला विचारा: टीसीएल पावडर आहे का? ओटी टेस्ट होते का? पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही, हे या साध्या चाचणीतल्या पिवळ्या रंगावरून कळते. आपण त्यांच्यासोबत रोज सकाळी चार घरांच्या नळांपर्यंत गेलो, तरी मोठे काम होते. तोवर पिण्याचे पाणी चांगले उकळून घ्यावे. जुलाब सुरू झालेच तर क्षारसंजीवनीचे पाकीट लगेच हाताशी हवे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, छोटा. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

दुसरे लक्ष चिखलाकडे. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या छोट्याशा जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत या आजाराचे रुग्ण वाढले. २०१८ च्या महापुरानंतर केरळनेही तेच अनुभवले. तिथे घरे साफ करायला उतरलेल्या स्वयंसेवकांनाही प्रतिबंधक गोळ्या देण्यात आल्या. म्हणून चिखलात उतरताना गमबूट आणि हातमोजे घाला, जखम झाकून घ्या, गोळीबाबत डॉक्टरांना विचारा. पुढच्या काही आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे यांपैकी काही झाले, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगा. सेवेला जाताना देहाची काळजी घेणे हा देहाभिमान नव्हे. आजारी सेवक गावावर आणखी एक भार होतो.

तिसरे लक्ष डासांकडे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो: फुटके डबे, टायर, मदतीत आलेल्या ताडपत्रीच्या घड्या. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा आणि सगळी भांडी रिकामी करून घासायची. मुलांना हे काम खेळासारखे द्या. ती मोठ्यांपेक्षा चोख करतात.

न मागितलेली मदत

आता जिथे पाहण्याची सवय नसते तिथे पाहूया. समजा, शाळेच्या वर्गखोलीत आसरा घेतलेल्या एका आजींना तुम्ही विचारले, “काही हवंय का?” त्या म्हणतील, “नको बाळा, सगळं मिळालं.” पण त्यांची रक्तदाबाची गोळी पुरात गेलेली असते. मधुमेहाच्या, क्षयाच्या, मिरगीच्या गोळ्या अशाच मध्येच तुटतात. चार दिवस खंड पडला तरी काहींच्या जिवावर बेतते. म्हणून प्रश्न नेमका विचारा: “आजी, रोजची गोळी कोणती? शेवटची कधी घेतली?” एका वहीत नोंद करा आणि ती वही प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवा.

शिबिरातल्या कित्येक बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. कारण शौचालय लांब आहे, अंधारात आहे, दाराला कडी नाही. एक दिवा आणि एक कडी लावणे ही किती लहान गोष्ट! पण तिच्यामुळे पन्नास बायकांचे आरोग्य आणि लाज दोन्ही राखले जाते. सॅनिटरी पॅड, गरोदर बाईची तपासणी, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईसाठी आडोसा, याबद्दल कुणी चारचौघांत मागणी करणार नाही. न मागता ओळखणे, हीच करुणेची परीक्षा.

मनाची पडझड

भिंत पडली तर दिसते. मन खचले तर दिसत नाही. सांगली-कोल्हापूरच्या काठावर २०१९ चा पूर विसरण्याआधीच जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. एकदा पुरातून गेलेल्या माणसाच्या छातीत पुढच्या पावसाचा पहिला आवाजच धडकी भरवतो. झोप न लागणे, दचकून उठणे, मुलांनी आईला सोडायला तयार नसणे, कर्त्या पुरुषाने गप्प होणे किंवा दारूकडे वळणे, ही दुर्बलता नव्हे. मोठ्या आघातानंतर मनाची अशी अवस्था होतेच. आधार मिळाला तर बहुतेक जण त्यातून हळूहळू सावरतात.

इथे आपण आध्यात्मिक माणसांनी विशेष जपायला हवे. ज्याचे घर वाहून गेले त्याला “हे प्रारब्ध होते,” असे सांगू नका. “देव परीक्षा पाहतो,” असेही नको. कर्माचा सिद्धान्त स्वतःच्या आचरणाकडे पाहण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या जखमेवर ठेवण्यासाठी नाही. जवळ बसा. तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर तसेच बसा. ध्यानाने आपल्याला मौन शिकवले ते याच क्षणासाठी. त्याने होकार दिला तर सोबत चार संथ श्वास घ्या. नकार दिला तर आग्रह नको. सायंकाळी एकत्र भजन, मुलांसाठी खेळ, शाळा लवकर सुरू होणे, यांमुळे दिवसाला पुन्हा आकार येतो. आणि कुणी जगण्यावरच बोट ठेवून बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. डॉक्टरांकडे न्या, टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावून द्या. प्रार्थना आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत.

घेणाऱ्यालाही देऊ द्या

सतत घेत राहिल्याने माणूस आतून लहान होत जातो. कालपर्यंत वारकऱ्यांना जेवू घालणारी माणसे आज रांगेत ताट घेऊन उभी आहेत, याची जाणीव ठेवा. स्वयंपाक कसा करायचा ते गावच्या बायांना ठरवू द्या. विहीर उपसायची योजना तरुणांना करू द्या. आजोबांना मुलांना गोष्टी सांगायला बसवा. त्यांनी तुमच्यापुढे चहाचा अर्धा कप धरला तर “राहू द्या” म्हणू नका. प्रसाद समजून घ्या. ज्या क्षणी त्यांच्या हाताने कुणालातरी काही दिले जाते, त्या क्षणी गाव बरे होऊ लागते.

आजचा संकल्प

हे वाचताना कदाचित तुमच्या भागात आपत्ती नसेल. मग तयारीचा काळ हाच. आपल्या सत्संगातून पाच जण निवडा. जवळच्या आरोग्य केंद्राची आणि आशाताईंची ओळख करून घ्या. वस्तीत कोण एकटे राहते, कोण अंथरुणाला खिळले आहे, कुणाची रोजची औषधे आहेत, हे जाणून ठेवा. आणि पुढे कधी मदतीला गेलात, तर निघताना परत येण्याची तारीख सांगा आणि ती पाळा.

आज ध्यानाला बसाल तेव्हा मनात एका अनोळखी, चिखलाने भरलेल्या घराचे दार आणा. त्या दारात उभ्या असलेल्या माणसाला नमस्कार करा आणि म्हणा, “मी पाणी ओसरल्यावरही येईन.” तुमच्या हातून ते घडो आणि त्या दारात पुन्हा रांगोळी उमटो, हीच प्रार्थना.