भय आणि शेमा



अबू धाबीत २०२३ साली मोशे बेन मैमोन यांच्या नावाचे सिनेगॉग उघडले, तेव्हा आम्हां सर्वांस आनंद झाला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये अमिरातीत रब्बी झ्वी कोगन यांचा खून झाला आणि पुष्कळांच्या मनात भय शिरले.

भय वाटणे हे पाप नव्हे. सक्तीच्या धर्मांतराने घाबरलेल्या येमेनच्या यहुद्यांना ११७२ च्या सुमारास याच मोशे बेन मैमोन यांनी पत्र लिहून धीर दिला. कोकणात आपल्या पूर्वजांपाशी ग्रंथ नव्हते, शेमाची प्रार्थना तेवढी होती. तिच्यावर ते तगले. दावीद राजाचे २७वे स्तोत्रही शत्रूचा वेढा नाकारीत नाही. वेढ्यात परमेश्वर सोबत आहे, असे सांगते.

म्हणून आपण सावध राहू, निजताना शेमा म्हणू आणि शब्बाथचा दिवा लावणे सोडणार नाही. आमेन.