स्मरण कसे करावे?



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्ध व पिंडदान न करण्याची आहे. ती आपण घेतली. परंतु घरात माणूस गेले की नवदीक्षित कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतोच. भावकी विचारते, "तुम्ही त्याच्या मागे काहीच करणार नाही काय?" म्हातारी आई मनात कुढते. मग कोणी गुपचूप कावळ्याला घास ठेवतो, तर कोणी कर्ज काढून जेवणावळ घालतो व तिला पुण्यानुमोदन हे नवे नाव देतो. जुने टाकले खरे. पण त्या जागी आपण काय ठेवले? गेलेल्या माणसाचे स्मरण करावे तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या सोलापूरच्याच एका माणसाच्या चरित्रात सापडते. ६ डिसेंबरला आपण बाबासाहेबांना अभिवादन करतो. त्यानंतर तीनच दिवसांनी, ९ डिसेंबरला, डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा स्मृतिदिन येतो. ते बौद्ध नव्हते, आपल्या चळवळीतलेही नव्हते. तरी त्यांची गोष्ट तुम्ही मुलाबाळांसह वाचावी असे मला वाटते.

कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना वर्गणी जमवण्यात आली आणि पाच डॉक्टरांचे एक पथक चीनला निघाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस. आपला देशच तेव्हा पारतंत्र्यात होता. ज्याच्या स्वतःच्या पायात बेडी, त्याने दुसऱ्याच्या जखमेवर पट्टी बांधायला जावे, ही साधी गोष्ट नव्हे.

मुदत एका वर्षाची होती. पुढे सहकारी एकेक करून परतले. कोटणीस व बसू मागे राहिले. इकडे कोटणीसांचे वडील वारले, त्याची बातमीही त्यांना मिळाली. तरी ते जखमींना सोडून आले नाहीत. उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, आघाडीच्या जवळ, त्यांनी काम चालू ठेवले. १९४० साली एका लढाईच्या वेळी त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात.

आता मुख्य मुद्द्याकडे या. त्याच भागात नॉर्मन बेथून नावाचे कॅनडाचे शल्यचिकित्सक काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, तिचे विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. त्यांच्या नावाने जे रुग्णालय चालू राहिले, त्याचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. कॅनडाच्या माणसाचे अर्धे राहिलेले काम सोलापूरच्या माणसाने हाती घेतले. ना दोघांचा देश एक, ना भाषा, ना वंश. याला म्हणावे स्मरण!

कोटणीस तेथे नुसते डॉक्टर राहिले नाहीत; ते चिनी भाषा शिकले आणि त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. मी पेशाने शिक्षक आहे. परक्या भाषेत वर्गापुढे उभे राहायला किती मेहनत लागते याची मला कल्पना आहे. शस्त्रक्रियेवरचे पुस्तकही ते विद्यार्थ्यांसाठी लिहीत होते. त्याच रुग्णालयातील परिचारिका को छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

परंतु कोटणीसांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. आपल्याकडे अजून फेफरे आले की कोणी बाहेरचे म्हणतो, कोणी देवऋष्याकडे नेतो. बौद्धाने हे करता कामा नये. फेफरे हा मेंदूचा आजार आहे. त्याला औषध आहे, डॉक्टर आहे. कोटणीसांना आपला आजार ठाऊक होता, पण युद्धाच्या धामधुमीत त्यांनी विश्रांती घेतली नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते गेले. तान्हे मूल चार महिन्यांचेही नव्हते.

त्यांच्या सोबत्यांनी मग काय केले? शिजियाझुआंग येथे त्यांची समाधी आहे. बेथून यांचीही तेथेच आहे. सोलापुरातही कोटणीसांचे स्मारक आहे. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. हे सारे योग्यच झाले. पण त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी केले ते मला अधिक मोलाचे वाटते. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, तेथे सुया टोचून उपचार करण्याची ॲक्युपंक्चर विद्या शिकले आणि ती भारतात आणली. कोटणीसांच्या नावाने समिती चालवून त्यांनी गरिबांवर उपचार करण्याचे काम वाढवले. मित्र गेला, पण मित्राचा हात रुग्णाच्या नाडीवर राहिला. तोही १९८६ साली बसू गेले तोपर्यंत नव्हे. त्या नावाने काम त्यांच्या मागेही चालू राहिले.

कोणी म्हणेल, "गुरुजी, ते वरच्या जातीतले. त्यांचे आम्हांला काय?" हा प्रश्न रागाने झटकून टाकण्यासारखा नाही. त्यामागे आपल्या पिढ्यांचे दुःख आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीगत बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. ती १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आली होती. त्याची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मोठ्या मिनतवारीने, फीची हमी घेऊन तो वस्तीच्या बाहेर आला. तापमापक त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोच्या. न्यूमोनिया झाल्याचे त्याने सांगितले. पण तिला हात लावून तपासले नाही. ती माउली गेली.

विद्या दोघाही डॉक्टरांजवळ होती. एकाने आपल्याच गावच्या बाळंतिणीला हात लावला नाही; दुसऱ्याने हजारो मैलांवरच्या, नावही ठाऊक नसलेल्या शेतकऱ्याच्या पोराच्या रक्तात हात घातले. फरक पदवीचा नव्हता, फरक करुणेचा होता. बाबासाहेब आपल्याला हेच सांगत आले की प्रज्ञेला शील व करुणेची जोड हवी. माणसाला आपण जन्मावरून नव्हे, कर्मावरून ओळखायचे, हे तर आपल्या धम्माचे मूळ आहे. मग ही कसोटी इतरांनी आपल्याला लावावी आणि आपण मात्र इतरांना लावू नये, हे कसे चालेल?

विनयपिटकातील एक प्रसंग तुम्ही विहारात ऐकला असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी, आपल्याच घाणीत पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. त्यांनी विचारले, "तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही?" तो म्हणाला, "मी कोणाच्या उपयोगी पडलो नाही, म्हणून कोणी माझ्याकडे पाहत नाही." तथागतांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून सांगितले, की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

लक्षात घ्या, सेवा कोणाची? ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याची.

तेव्हा बंधूंनो, घरातील माणूस गेले तर त्रिशरण-पंचशील ग्रहण करा, जवळची माणसे बोलवा, त्याच्या गुणांविषयी मोकळेपणी बोला. रडू आले तर रडा; त्यात कमीपणा नाही. पण उठण्यापूर्वी घरच्यांनी एकमेकांना एक प्रश्न विचारावा : या माणसाचे कोणते काम अर्धे राहिले? ते कोण पुरे करणार? तो शेजारच्या पोराला वह्या घेऊन देत असेल, तर त्या आता तुम्ही द्या. ती वस्तीतल्या बाळंतिणींना रात्री-अपरात्री दवाखान्यात नेत असेल, तर तिच्या सुनेने आता जावे. दरवर्षी त्या तिथीला जेवणावळीचा हिशेब करू नका. हे काम चालू आहे की थांबले, याचा हिशेब करा. आणि पैसा हाताशी असलाच, तर शिकणाऱ्या मुलाला द्या. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढले, तेव्हा आपल्या लोकांजवळ आजच्याहून कमीच होते.

फोटोला हार घालणे सोपे आहे, तो संध्याकाळी सुकतो. ज्याने आपल्यावर प्रेम केले त्याचे काम आपल्या हाती आले, की आपण त्याच्या विरहात एकटे राहत नाही. बेथून यांच्या मागे कोटणीस उभे राहिले, कोटणीसांच्या मागे बसू. तुमच्या घरी गेलेल्या माणसाच्या मागे कोण उभे राहणार, हे आज रात्री जेवताना घरात बोला.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!