आखडता हात
मदत करणे हा सद्गुण आहे, याविषयी सहसा कुणी शंका घेत नाही. मग समोरचा माणूस अडला असताना, आणि त्याची अडचण आपल्या एका बोटाने दूर होण्यासारखी असताना, हात आखडता घेऊन बसणाऱ्याला काय म्हणावे? निर्दय म्हणावे, असेच प्रथम वाटते. परंतु असे बसणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशी मंडळी जगात आहेत; आणि त्यांच्याविषयी विचार करू लागल्यापासून मदतीविषयीची माझी कल्पना पूर्वीसारखी सरळ राहिलेली नाही.

मोबाइलवरचे ॲप, बँकेचे संकेतस्थळ असल्या वस्तू सामान्य माणसाला वापरता येतात की नाही, हे ही मंडळी तपासतात. रीत मोठी साधी. ज्याला पुढे ती वस्तू वापरायची आहे असा एखादा माणूस बोलवायचा. 'या खात्यातून मुलीला दोन हजार रुपये पाठवा' असे एखादे काम त्याच्यापुढे ठेवायचे. आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, अशी विनंती करायची. मोठ्याने विचार करवून घेण्याची ही पद्धत आयबीएममधील क्लेटन लुईस यांनी १९८२ साली या कामासाठी मांडली. माणसेही फार लागत नाहीत. याकोब नील्सन यांच्या हिशेबाने एका माणसाकडून सरासरी शेकडा ३१ दोष उघडे पडतात, आणि पाच माणसांत शेकडा ८५.

कठीण काय, तर गप्प बसणे. समोरच्या बाईंचे बोट हव्या त्या बटणावरून तीनदा जाते आणि तीनदा पुढे सरकते. शेजारी बसलेल्याचा जीव कासावीस होतो. बाई विचारतात, 'हे दाबू का?' त्यावर उत्तर काय द्यायचे, तर 'तुम्हाला काय वाटते?' आपल्याकडे याला उद्धटपणा म्हणतील!

याच्या अगदी उलट प्रकार आपल्या घराघरांत चालतो. मी फोनवर कुठेतरी अडकतो. नातू 'द्या इकडे, आजोबा' म्हणतो, फोन माझ्या हातातून घेतो, अंगठा दोनदा फिरवतो आणि परत देतो. काम झाले. मी 'शाबास' म्हणतो, आणि मनातून थोडा लहान होतो. त्याच्या प्रेमाविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्या दोन क्षणांत काय घडले? मी होतो तिथेच राहिलो, फोन होता तसाच राहिला, आणि अडचण कुठे होती याचा पुरावा मात्र पुसला गेला. दोष कुणाचा याचा निवाडाही, एक शब्द न बोलता, होऊन गेला: आजोबांना जमत नाही.

हा निवाडा किती घाईचा असतो हे दाखवणारी एक चित्रफीत आहे. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात लूसी सचमन या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक काम करीत होत्या. कंपनीचे नवे प्रतिमुद्रण यंत्र अवघड आहे, अशी ग्राहकांची तक्रार होती. सचमन यांनी ते यंत्र दोन माणसांपुढे ठेवले व त्यांची झटापट चित्रित केली. कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रती काढताना दोघेही मेटाकुटीला आले. त्यांतले एक रॉन कॅप्लन हे भाषा आणि संगणक या विषयांतले नामांकित संशोधक, आणि दुसरे ॲलन नेवेल, संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार १९७५ साली ज्यांना विभागून मिळाला ते! आता यांनाही 'जमत नाही' म्हणणार काय? त्यांना कुणी 'द्या इकडे' म्हटले असते, तर ही फीत झालीच नसती.

बरे, नातू सर्वत्र बरोबर नेता येत नाही. मतदानाच्या आडोशाला तर नाहीच. २००० साली अमेरिकेत फ्लोरिडातील पाम बीच परगण्यात वृद्ध मतदारांना अक्षर मोठे दिसावे म्हणून मतपत्रिका समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि भोके मधोमध ठेवली. हेतू सद्भावनेचाच. पण डावीकडच्या पानावर गोर यांचे नाव दुसरे, आणि त्यांचे भोक मात्र तिसरे. दुसरे भोक उजवीकडच्या ब्युकॅनन यांचे. त्या परगण्यात ब्युकॅनन यांना ३,४०७ मते पडली. पुढे अभ्यासकांनी दाखवले, की त्यांतली दोन हजारांहून अधिक मते गोर यांना द्यायची म्हणून दिलेली होती. संपूर्ण फ्लोरिडात बुश यांचे मताधिक्य होते ५३७! चार म्हाताऱ्यांना आधी ती पत्रिका देऊन कुणी नुसते शेजारी बसले असते तर... असो.

तरीही गप्प बसणाऱ्याला मी सगळे गुण देऊन टाकणार नाही. आरंभी तो सांगतो, 'आम्ही तुमची नव्हे, यंत्राची परीक्षा घेत आहोत.' वाक्य खरे आहे; पण शेजारी कागद घेऊन बसलेला माणूस म्हणजे परीक्षक, हे ज्याच्या मनावर शाळेने कोरले आहे तो यावर विश्वास कसा ठेवणार? बाई 'मला मेलीला काही कळत नाही' म्हणू लागल्या, की तिथून पुढचे मौन मला अक्षम्य वाटते. आणि ज्याला पाहायचे त्याला ते ठाऊक हवे, नको वाटल्यास उठून जाता आले पाहिजे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ माणसांपुढचा मजकूर बदलून त्यांच्या मनःस्थितीवर काय परिणाम होतो ते पाहिले. त्यांना विचारले नाही. तिथे समोर चेहराच नव्हता, मग जीव कुणाचा कासावीस होणार?

राहता राहिला घरचा प्रश्न. नातवाने गप्प बसून काय साधणार? त्याची टिपणे कुठल्या कारखान्यात जाणार? तेव्हा त्याने तोंडाने सांगावे आणि फोन माझ्या हातात राहू द्यावा, असा तह मी सुचवला आहे. त्याच्या मते यात फार वेळ जातो. बोलणी अद्याप चालू आहेत.