रूथचे माहेर

रूथच्या पुस्तकावर आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ उपदेश होतात व बहुतेक सर्व तिच्या सासरविषयी असतात. सून कशी असावी हे सांगून उपदेशक खाली बसतो. पण तिच्या माहेराचे काय? बवाज कधी मवाबात जाऊन तिच्या आईच्या हातचे जेवला की नाही, हे शास्त्र सांगत नाही. विवाहाने जोडल्या गेलेल्या माणसांशी आपले देणे कोठवर, हा प्रश्न मात्र उरतोच. त्यातून ज्या लोकांविषयी आपल्या मनात जुना सल आहे त्यांच्यापैकीच ती असली तर?

आमच्या परिचयाचा पेडणे तालुक्यातील एक तरुण पत्नीच्या माहेरी, ब्राझीलमधील साओ पावलो येथे, तीन आठवडे राहून आला. एक कोटीहून अधिक वस्तीचे हे शहर प्रेषित पौलाच्या नावाचे आहे. 25 जानेवारी 1554 रोजी, पौलाच्या परिवर्तनाच्या सणाच्या दिवशी, येशूसंघीयांनी त्याची स्थापना केली. सासऱ्यांनी जावयाला शहर हिंडविले. जपान्यांची जुनी वस्ती दाखविली. बाजारात काजूची बोंडे दिसली तेव्हा त्याला घरचा डोंगर आठवला. काजू मूळचा तिकडचाच. पोर्तुगिजांनी तो गोव्यात आणला आणि पेडणे-डिचोलीच्या उतारांवर तो रुजला. सासूबाईंनी 'शावी' मागितली, आणि चावी हवी हे त्याला न सांगता कळले.

घरी आल्यावर आजोबांनी एवढेच विचारले, "घरात तीच भाषा बोलतात?"

15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा आजोबा दहा-बारा वर्षांचे होते. पुढे सरहद्द बंद झाली. त्यांच्या आईचे माहेर सावंतवाडीकडे, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पण तिला ते कित्येक वर्षे दिसले नाही. ब्राझीलही पोर्तुगालच्याच ताब्यात होता व 1822 मध्ये स्वतंत्र झाला, असे नातवाने समजाविले. हिशेब अगदी बरोबर आहे. परंतु हिशेबाने सल निघतो असे आम्हांस वाटत नाही.

अशा वेळी "क्षमा करा" असे म्हणून मोकळे होण्याची आम्हां उपदेशकांना फार घाई असते. शास्त्राला ती नाही. मवाबी मनुष्याने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, असा नियम आहे व त्याचे कारणही दिले आहे: वाटेत त्यांनी इस्राएलास भाकर-पाणी दिले नाही, उलट शाप देण्यासाठी बलामाला मोल देऊन आणले (अनुवाद 23:3-4). ती तक्रार खोटी होती असे पुढे कोठेही म्हटलेले नाही. नामीच्या कुटुंबाला दुष्काळात त्याच मवाबाने दहा वर्षे भाकर दिली, हे मात्र रूथच्या पहिल्याच अध्यायात लिहिले आहे. दोन्ही गोष्टी शास्त्राने जवळ ठेवल्या आहेत. एक खोडून दुसरी लिहिली नाही.

बवाजाने त्या नियमाविषयी वाद घातल्याचे दिसत नाही. रूथने सासूसाठी काय केले ते त्याने ऐकले होते, आणि जेवणाच्या वेळी त्याने तिला जवळ बोलावून भाकर दिली. मत्तयाच्या वंशावळीप्रमाणे त्याची स्वतःची आई राहाब, म्हणजे यरीहोची. परक्या माहेराची बाई घरात वावरताना त्याने लहानपणापासून पाहिली असावी.

त्या तरुणाचे सासूसासरे येत्या नाताळात मोपा विमानतळावर उतरणार आहेत. आजोबांनी अद्याप होय म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. आम्ही त्यांना काही सांगावयास गेलो नाही.