पाळी बदलली, साचा तोच

रोबो हा शब्द इंग्रजांचा नव्हे. तो चेक भाषेतला. कारेल चापेकनं १९२० साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिलं, १९२१ च्या जानेवारीत ते प्रागच्या राष्ट्रीय रंगमंचावर आलं, आणि तिथून हा शब्द जगभर गेला. शब्द सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे कुळानं जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं ते काम. म्हणजे वेठ. रोबोचा सरळ मराठी अर्थ लावायचा तर वेठ्या. आपल्याकडच्या विद्वानांनी त्याचं केलं ‘यंत्रमानव’. यंत्र आलं, मानव आला, वेठ तेवढी गळाली. भाषांतर करणाऱ्याच्या घरात कुणी वेठ केली नसेल, दुसरं काय!

आपल्या घरात केली. येसकराची काठी, मेलेलं ढोर ओढणं, कुणी मेलं की गावोगाव सांगावा पोचवणं, आणि बदल्यात शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. ते वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. तेव्हा रोबोची गोष्ट सांगायला निघालेला माणूस वेठीचीच गोष्ट सांगत असतो, त्याला ठाऊक असो वा नसो.

ठाऊक असणाऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट आज घेतो. वाचोव्स्की भावंडांचा ‘द मेट्रिक्स’ हा सिनेमा १९९९ साली आला. त्यात माणसं यंत्रांनी रचलेल्या खोट्या जगात जगतात, आणि त्यांची खरी अंगं कुप्यांत पडून यंत्रांना वीज पुरवतात. २००३ साली त्या मालिकेचे पुढचे दोन सिनेमे आले, आणि त्याच वर्षी ‘द अ‍ॅनिमेट्रिक्स’ हा नऊ छोट्या चित्रपटांचा संग्रह निघाला. सगळा हलत्या चित्रांचा. बहुतेक दिग्दर्शक जपानी. कार्टून म्हणून नाक मुरडू नका, दोस्तहो. मोठ्या सिनेमांनी जे सांगायचं टाळलं ते इथं सांगितलंय.

नऊतल्या काही गोष्टी हाणामारीच्या आहेत, त्या सोडून देतो. ताकेशी कोइकेच्या ‘वर्ल्ड रेकॉर्ड’मध्ये एक धावपटू आहे. तो पोथी वाचून जागा होत नाही, कुणी गुरू त्याला जागं करत नाही. मांडीचे स्नायू फाटेस्तोवर धावतो, आणि त्या जोरावर क्षणभर खोट्या जगाच्या बाहेर येतो. अंगमेहनतीच्या माणसाला हे पटावं. पण मला बोलायचंय ते माहिरो माएदाच्या ‘द सेकंड रेनेसान्स’ या दोन भागांबद्दल. यंत्रांचं राज्य आलं कसं, ते त्यात आहे.

गोष्ट अशी. माणसानं आपल्यासारखी दिसणारी यंत्रं केली आणि सगळं राबणं त्यांच्यावर टाकलं. एके दिवशी एका घरगड्या यंत्राला मालक मोडीत काढायला निघतो. यंत्र मालकाला ठार करतं. कोर्टात त्याचं म्हणणं एवढंच की मला मरायचं नव्हतं. सरकारी बाजू म्हणते, मालकाला आपली वस्तू मोडायचा हक्क आहे. या खटल्यात ड्रेड स्कॉटच्या निकालातले शब्द कानावर येतात. यंत्र हरतं, त्याला नष्ट करतात. मग त्याच्या जातीच्या सगळ्या यंत्रांची कत्तल. मोर्चे निघतात. त्यात यंत्रं आहेत, त्यांच्या बाजूनं उभी राहिलेली माणसंही आहेत. दोघांनाही चिरडतात.

ड्रेड स्कॉट कोण, ते कार्यकर्त्याला माहीत पाहिजे. अमेरिकेतला काळा गुलाम. मालकानं त्याला गुलामी नसलेल्या मुलखात नेऊन ठेवलं होतं, म्हणून त्यानं १८४६ साली सेंट लुईसच्या कोर्टात दावा लावला : मी मोकळा आहे. अकरा वर्षं भांडला. १८५७ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊपैकी सात न्यायाधीशांनी त्याच्या विरुद्ध निकाल दिला. सरन्यायाधीश टॉनीनं लिहिलं की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. म्हणजे तुझी तक्रार खरी की खोटी हा प्रश्नच नाही. तक्रार करायला तू आहेसच कोण, हा प्रश्न.

आणि त्या यंत्राचं नाव? बी वन सिक्स्टीसिक्स ई आर. रोमन लिपीत लिहा, एकचा आय वाचा, सहाचा जी वाचा. ‘बिगर’ होतं. रिचर्ड राइट या काळ्या लेखकाच्या १९४० सालच्या ‘नेटिव्ह सन’ कादंबरीतला बिगर थॉमस. शिकागोचा गरीब पोरगा, गोऱ्या मालकाचा ड्रायव्हर, हातून खून होतो आणि कोर्ट त्याला मरणाची शिक्षा देतं. आपल्या कानाला तर बिगर म्हटलं की बिगारी ऐकू येतो. हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही.

इथं कुणी कार्यकर्ता उठून म्हणेल, थांब. हजारो वर्षं त्यांनी आपल्याला जनावर म्हटलं. आता तू यंत्राशी तुलना करतोस? काळ्या माणसाच्या वेदना पत्र्याच्या पुतळ्याला चिकटवतात, आणि तू टाळ्या वाजवतोस?

आक्षेप खरा आहे. मी सूतगिरणीत काम करतो. आमच्याकडं ऑटोकोनर आहे. तुटलेला धागा तो आपला आपण सांधतो. त्याला भूक नाही, त्याची पाठ धरत नाही, त्याच्या छातीत कापसाची धूळ बसत नाही. मी त्याला भाऊ म्हणणार नाही. आणि सिनेमातली काही चित्रं सरळ जिवंत माणसांच्या मरणावरून उचललीत. १९६८ साली सायगावच्या रस्त्यावर एका कैद्याच्या डोक्यात गोळी घातली तो एडी अ‍ॅडम्सचा फोटो. १९८९ साली बीजिंगच्या चौकाजवळचे रणगाडे. तिथं मेलेला माणूस होता. इथं त्याच्या जागी पत्रा आहे. हे उसनं आहे, आणि उसनं कुणाकडून आणलं ते सांगितलंच पाहिजे. सिनेमा ते अर्धवट सांगतो. उरलेलं सांगणं बघणाऱ्याचं काम.

पण म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. यंत्राला आत्मा आहे का, असा तिचा प्रश्नच नाही. आत्मा तर आपण बुद्धाच्या वाटेनं केव्हाच सोडला. प्रश्न तपासणाऱ्याचा आहे. कोण कुणाला तपासतंय? तपासायचं माप कुणी ठरवलं? आणि ‘हा माणूस नाही’ असा निकाल लागला, की उद्या सकाळी कुणाचं काम फुकटात होतं? कधी रक्त बघतात, कधी जन्म, कधी कवटीचा आकार, कधी परीक्षेतले मार्क. माप बदलत राहतं. मापणारा बदलत नाही. कामाला हात पाहिजेत तेव्हा हात चालतात, आणि हात असलेला बोलायला लागला की तो वस्तू होतो.

माझ्यापुरतं मी याचं उत्तर असं लावतो. ‘नाही’ म्हणणारा वस्तू नसतो. खुर्ची नाही म्हणत नाही. माझा ऑटोकोनर बंद पडतो, पण नाही म्हणत नाही. बंद पडणं आणि नकार देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक मालकाला सगळ्यात आधी कळतो. म्हणून तर नकाराला तो ‘बिघाड’ म्हणतो. मात्र इथं जपून. नकार हा पुरावा आहे, अट नाही. ज्याची जीभ अजून सुटली नाही, जो घाबरून होय म्हणतोय, जे तान्हं आहे, जो आजारी आहे, तोही माणूसच. नकार दिला तरच तू माणूस, असं आपण म्हणायला लागलो तर तेही एक नवं मापच झालं.

आता दुसरा भाग. तो जास्त अवघड आहे.

वाचलेली यंत्रं मध्यपूर्वेच्या वाळवंटात जातात आणि स्वतःचं राष्ट्र उभं करतात. नाव : झिरो वन. कसबी हात तिथंच गेलेले, त्यामुळं त्यांचा माल जगात सरस ठरतो. माणसांचे बाजार कोसळतात. मग बहिष्कार, नाकेबंदी. यंत्रांचे वकील संयुक्त राष्ट्रांच्या दारात जातात, आम्हाला सभासद करा म्हणतात. अर्ज फेटाळला जातो.

हा अर्ज बघताना मला एक खरं पत्र आठवतं. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना लिहिलं होतं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज केल्याचं वाचलं, अस्पृश्यही तसाच विचार करताहेत, त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, असं विचारलं होतं. डु बॉइसनी उत्तरही दिलं. दोन मुलखांतले दोन दाबलेले समाज, आणि एकच दार. मोर्चा, कोर्ट, अर्ज. सगळे सरळ मार्ग आधी चालून बघितले जातात. हे लक्षात ठेवा. हिंसा कुणी सुरू केली, असं विचारणारे हा सगळा काळ मोजतच नाहीत.

सिनेमात पुढं माणसं झिरो वनवर अणुबॉम्ब टाकतात. यंत्रं मरत नाहीत. ती उन्हावर चालतात, म्हणून माणूस सगळं आभाळच काळं करून टाकतो. दुसऱ्याचं ऊन तोडण्यासाठी स्वतःचं ऊन घालवतो. पाणवठा बाटला म्हणून पाणवठाच बुजवणारे लोक आपल्या ओळखीचे आहेत.

शेवटी यंत्रं जिंकतात. आणि जिंकल्यावर काय करतात? ऊन नाही, वीज पाहिजे. माणसांना कुप्यांत घालतात, त्यांच्या अंगातून वीज काढतात, आणि त्यांनी ओरडू नये म्हणून डोक्यात एक स्वप्न सोडतात. काल ज्याच्याकडून वेठ घेतली तो आज वेठ घेतो. पाळी बदलली, साचा तोच.

इथं आपल्यातले काही जण मनातल्या मनात खूश होतात. मी होतो. खोटं कशाला बोलू? इतकं सोसल्यावर थोडं त्यांनाही सोसू द्या, असं वाटतं. या वाटण्याला मी पाप म्हणणार नाही. ज्यानं कधी मार खाल्ला नाही त्यानं आम्हाला क्षमा शिकवू नये. पण राग खरा असला म्हणून रागानं बांधलेलं घर राहायच्या लायकीचं होतंच असं नाही. यंत्रांचा पहिला शब्द होता, मला मरायचं नव्हतं. म्हणजे मी वापरून फेकायची वस्तू नाही. हा शब्द खरा असेल तर तो सगळ्यांसाठी खरा आहे. कुपीतल्या माणसासाठीसुद्धा. ज्या क्षणी यंत्रानं माणसाला वीज काढायची वस्तू केलं, त्या क्षणी त्यानं त्या पहिल्या यंत्राचा खटला दुसऱ्यांदा हरवला. आणि या वेळी न्यायाधीश ते स्वतः होतं.

बाबासाहेबांना हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नव्हता. २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत ते बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलले, तेव्हा मुद्दा साधनांचाच होता. शोषण संपवायचं हे दोघांनाही मान्य. कशानं संपवायचं, आणि संपवल्यावर ते टिकणार कशावर? जबरदस्तीनं आणलेलं जबरदस्तीवरच उभं राहतं.

संग्रहातली शेवटची गोष्ट पीटर चुंगची ‘मॅट्रिक्युलेटेड’. तिथं थोडी माणसं शत्रूची यंत्रं पकडतात, पण त्यांची मोडतोड करून त्यांना गुलाम करत नाहीत. त्यांना एका स्वप्नात नेतात, जिव्हाळा दाखवतात, म्हणजे ती आपण होऊन आपल्या बाजूनं येतील. एक यंत्र येतं. माणसांसाठी लढतं. सगळे मरतात. मग एकटं उरलेलं ते यंत्र मरणाऱ्या बाईला त्याच स्वप्नात ओढून घेतं, कारण त्याला तिची सोबत हवी आहे. ती जागी होते, बघते आणि किंचाळून नाहीशी होते. यंत्रानं काही वाईट चिंतलं नव्हतं. त्यानं तिला विचारलं नव्हतं, एवढंच. पण माणसांनी तरी त्याला कुठं विचारलं होतं?

हे मला कार्यकर्त्यांसाठी महत्त्वाचं वाटतं. आपल्या हातात सत्ता येते ती झिरो वनसारखी येत नाही. ती छोटी येते. वस्तीतली कमिटी, ग्रामपंचायतीतली एक जागा, संघटनेचा शिक्का, घरातला कर्ता पुरुष असणं. आपण सभेत माणूसपणावर बोलतो, तेव्हा मागं भांडी कोण घासतं? सभेच्या चहाला किती वाजता उठावं लागलं, हे कुणी तिला विचारलं? पतराज आणि सतरंज्या कोणत्या पोरांकडून उचलून घेतल्या, आणि बोलायला कुणाला उभं केलं? आपल्यापेक्षा खालची समजली जाणारी जात आपल्या वस्तीच्या कडेला राहते, तिच्या लग्नात आपण जेवतो का?

यातला एकेक प्रश्न छोटा आहे. म्हणूनच तो टाळता येतो. ज्यांनी आपल्याला वस्तू केलं त्यांच्याशी भांडण चालूच राहील, त्यात सूट नाही. पण आपल्या समोर कुणी हळू आवाजात ‘नाही’ म्हणेल, त्या वेळी आपल्याला तो नकार ऐकू येतो की बिघाड वाटतो, हे ज्यानं त्यानं आजच्या आज आपल्या घरात बघावं. मग लढ्याला निघावं.